गळतीचे खाते

व्यापारात घट आणि तूट यांत भेद केला जातो. ओलसर कापूस वखारीत राहिला की वाळतो आणि वजनात कमी भरतो. धान्याचे पोते हाताळताना चार दाणे सांडतात. ही घट गृहीत धरलेली असते आणि तिच्यासाठी व्यवहारात सूटही ठेवलेली असते. परंतु कुलूपबंद तिजोरीतील रक्कम दर आठवड्यास थोडी थोडी कमी होऊ लागली, तर कोणताही व्यापारी तिला घट म्हणून सोडून देणार नाही. रक्कम गेली कोठे, हे शोधल्यावाचून त्याला झोप येणार नाही. मोटारीच्या इंजिनाला थंड ठेवणारा द्रव, ज्याला सर्वत्र कूलंट म्हटले जाते, तो या तिजोरीतील रकमेसारखा आहे. त्याचा मार्ग बंदिस्त असतो. वर्षाकाठी बाटलीतील पातळी किंचित उतरली तर ती गोष्ट निराळी. पण दर आठवड्यास पेलाभर द्रव नाहीसा होत असेल, तर तो कोठून तरी बाहेर पडत आहे, यात संशय नाही.

वर्धा जिल्ह्यातील सेलू हे तालुक्याचे ठिकाण वर्धा–नागपूर मार्गावर वसलेले आहे. परभणी जिल्ह्यातही सेलू आहे. येथे अभिप्रेत आहे ते बोर नदीच्या खोऱ्यातील, कापूसपट्ट्यातील सेलू. येथील व्यापारी कुटुंबांच्या मोटारी विसावत नाहीत. कधी मालासाठी नागपूरची इतवारी, कधी बँकेच्या वा दवाखान्याच्या कामासाठी वर्धा, कधी लग्नकार्य, कधी तीर्थदर्शन. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि वर्धा जिल्ह्यातून कारंजा (लाड) गाठणे सुलभ झाले. या मार्गावर मोटारींसाठी कमाल वेग ताशी १२० किलोमीटर आहे. वैशाखात विदर्भातील पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा उन्हात, अशा वेगाने, दोन-दोन तास इंजिन अखंड चालते, तेव्हा एरवी न दिसणारी बारीक गळती आपले खरे रूप दाखविते.

सेलूतील असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. धान्याची अडत, घरामागे गोदाम आणि ओसरीसमोर नऊ वर्षांची मोटार. कर्ता मुलगा दर रविवारी बॉनेट उघडतो, कूलंटच्या बाटलीत पेलाभर पाणी ओततो आणि झाकण लावून मोकळा होतो. वैशाखात सर्व कुटुंबाने कारंजाच्या जुन्या जिनमंदिरांच्या दर्शनास जाण्याचे ठरलेले असते. घरातील वृद्ध वडील, ज्यांनी उभा जन्म दुकानाची रोजकीर्द लिहिली, ते तीन रविवार हे पाहतात आणि चौथ्या रविवारी विचारतात,

"हे पाणी कोणत्या खात्यावर लिहितोस?"

"बाबूजी, गाडी जुनी झाली आहे. एवढे चालायचेच."

"वही जुनी झाली म्हणून जमा आणि नावे यांचा मेळ बसायला नको, असे होत नाही. दर आठवड्याला पेलाभर जमा करतोस. मग नावे कुठे पडते आहे?"

मुलगा हसतो आणि दुकानी जातो. प्रश्न मात्र ओसरीवरच राहतो.

त्याच संध्याकाळी घरातील सूनबाईंच्या दृष्टीस निराळेच काही पडते. उन्हाळ्यात पाखरांसाठी आणि मुक्या जनावरांसाठी दाराशी पाण्याचे पसरट भांडे भरून ठेवण्याचा या घराचा नेम. गल्लीतील कुत्रे ते भांडे सोडून मोटारीखालची फरशी चाटताना दिसते. सूनबाई त्याला हाकलतात आणि खाली वाकून पाहतात, तो फरशीवर रुपयाएवढा गुलाबी, किंचित तेलकट डाग.

पाणी गाळून घेणाऱ्या, दिव्याभोवतीचा पतंगही जपणाऱ्या घराने हा डाग हलका मानू नये. बाजारातील बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल हे द्रव्य असते. ते चवीला गोड असल्यामुळे जनावरे ते आपण होऊन चाटतात, आणि ते विषारी आहे. शरीरात गेल्यावर यकृतात त्याचे रूपांतर होत जाते, शेवटी ऑक्झॅलिक आम्ल तयार होते आणि त्याचे खडे मूत्रपिंडात साचतात. मांजराच्या बाबतीत मूळ द्रव्याचा एखाद-दुसरा चहाचा चमचाही प्राणघातक ठरू शकतो. प्रथम जनावर झिंगल्यासारखे चालते, मग बरे वाटल्याचा भास होतो आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडतात. उपचार आहेत, पण ते पहिल्या काही तासांतच उपयोगी पडतात. लहान मुलांनाही हाच धोका आहे. म्हणून या घरात प्रथम पशुवैद्यकांना बोलावून कुत्रे दाखविले जाते, डागावर लाकडाचा भुसा टाकून तो टिपून घेतला जातो आणि मगच फरशी भरपूर पाण्याने धुतली जाते. कुत्रे वाचते. दर रविवारच्या पाण्याने मूळ द्रव पातळ झाला होता. कुत्र्यास ते तारक ठरले असावे; इंजिनास मात्र ते मारक होते.

आता शोध सुरू होतो. तो घाईने न करता हिशेबाच्या रीतीने करावा. पहिले काम म्हणजे पातळीची नोंद. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बाटलीवर बाहेरून खडूने किंवा चिकटपट्टीने खूण करावी, कारण गरम द्रव प्रसरण पावतो आणि पातळी खोटी दिसते. एका लहान वहीत तारीख, गाडी किती किलोमीटर चालली आणि पातळी किती उतरली, हे लिहावे. या घरात वडिलांनी ते काम आपल्याकडे घेतले. आठ दिवसांच्या नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट झाली. गावातल्या गावात गाडी फिरली त्या दिवशी पातळी हलली नव्हती. इतवारीची फेरी झाली त्या दोन्ही दिवसांनंतर मात्र ती बोटभर उतरली होती. म्हणजे गळती होती ती दाब चढल्यावर होणारी.

हा दाब म्हणजे काय, हे समजून घेणे आवश्यक आहे. साधे पाणी १०० अंशांना उकळते. निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी यांचे मिश्रण सुमारे १०७ अंशांना उकळते. त्यावर रेडिएटरचे, किंवा नव्या गाड्यांत बाटलीचे, स्प्रिंग असलेले झाकण बसविलेले असते. वातावरणाच्या दाबावर आणखी सुमारे तेवढाच दाब ते आत धरून ठेवते. त्यामुळे उकळण्याचा बिंदू १३० अंशांच्या जवळ जातो. इंजिन ९० अंशांच्या आसपास सुखाने चालते ते या अंतराच्या बळावर. इंजिन आणि रेडिएटर यांना जोडणाऱ्या रबरी नळ्या, म्हणजे होज पाइप, हा दाब अंगावर झेलत असतात. इंजिन थंड असताना त्या नळ्यांवर भार नसतो, म्हणून चीर मिटलेली राहते. गरम झाल्यावर तीच चीर उघडते. बाहेर आलेला थेंब तापलेल्या धातूवर पडला की क्षणात वाफ होऊन जातो. म्हणूनच अनेकदा फरशी कोरडी राहते आणि बाटली रिकामी होते.

फरशीवर डाग दिसला तरी तो गळतीची जागा दाखवीलच असे नाही. आजच्या बहुतेक मोटारींत इंजिनाखाली प्लास्टिकचे आवरण असते. थेंब त्यावर पडतो, उताराने वाहत जातो आणि भलत्याच टोकाला टपकतो. या घरातील डाग पुढच्या डाव्या चाकाजवळ होता. गळती निघाली ती इंजिनाच्या दुसऱ्या बाजूस. नियम साधा आहे. ओल नेहमी खाली उतरते, म्हणून सर्वांत वरची ओली जागा शोधावी.

त्याआधी निरपराध असलेल्यास वगळणे न्यायाचे. वातानुकूलन चालू असता गाडीखाली जे स्वच्छ, रंगहीन, गंधहीन पाणी ठिबकते, ते हवेतील बाष्पाचे पाणी होय. तो दोष नव्हे. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी त्यावर हिरवा, गुलाबी किंवा निळा तेलकट डाग असेल तर तो कूलंटचा, काळसर असेल तर तेलाचा. रंग पाहावा, वास घ्यावा, पण चव कदापि घेऊ नये. गाडीच्या आत, पुढील आसनाच्या पायाखालची सतरंजी ओली होत असेल, काचेवर चिकट धुके धरत असेल आणि गोडसर वास येत असेल, तर गळती हीटरच्या आतील भागात आहे. धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येत असेल, किंवा तेलाच्या झाकणाखाली सायीसारखा थर दिसत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा आणि गाडी न चालविता जाणकारास बोलवावे.

यांपैकी काही नसेल तर इंजिन थंड असताना विजेरी आणि लहान आरसा घेऊन नळ्यांकडे वळावे. जेथे कूलंट झिरपून सुकते तेथे पांढरट किंवा रंगीत खार धरतो. भिंतीला ओल आली की पोपडा धरतो, तसा. प्रत्येक नळी दोन्ही टोकांपाशी अंगठा आणि तर्जनी यांत दाबून पाहावी. निरोगी रबर दाबले जाते आणि पुन्हा पूर्ववत होते. ते लोण्यासारखे मऊ लागले, फुगलेले दिसले किंवा कडक होऊन करकरले, तर आयुष्य सरले असे समजावे. बाहेरून गुळगुळीत दिसणारी नळी आतूनही चिरते. कूलंट आणि दोन बाजूंचे धातू यांच्यामध्ये अतिसूक्ष्म विद्युत्‌प्रवाह निर्माण होतो, त्याने रबरास आतून उभ्या चिरा पडतात, आणि त्या बहुधा टोकांपासून दोन-चार बोटांच्या आत असतात. म्हणून नुसते पाहणे पुरेसे नाही. हाताने चाचपणेच विश्वासाचे.

शेवटचा पुरावा दाब देऊन घ्यावा. त्यासाठी मिस्त्रींकडे हातपंप असतो. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी तो बसवून, झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब चढवितात आणि दहा-पंधरा मिनिटे काटा पाहतात. काटा स्थिर राहिला तर व्यवस्था शाबूत. उतरू लागला तर कोठेतरी वाट फुटली आहे. या घरच्या गाडीचा काटा पाच मिनिटांतच उतरला, आणि वरच्या होज पाइपच्या इंजिनाकडील टोकाशी, क्लिपच्या कडेखालून एक गुलाबी थेंब फुगून वर आला.

"शेठजी, हा बघा तुमचा चोर," मिस्त्री म्हणाले.

नळी काढल्यावर खरे कारण दिसले. कधीतरी मूळची स्प्रिंगची क्लिप काढून तेथे पेचाची क्लिप बसविली गेली होती, आणि गळू नये या काळजीपोटी ती इतकी आवळली होती की तिची धार रबरात रुतली होती. गळती थांबविण्याच्या अतिरेकी प्रयत्नानेच गळती जन्मास आली होती. स्प्रिंगची क्लिप गरमीत पसरणाऱ्या आणि थंडीत आकसणाऱ्या रबराबरोबर स्वतः सैल-घट्ट होते. पेचाच्या क्लिपेस ते साधत नाही. म्हणून मूळ प्रकारची क्लिपच पुन्हा बसविणे हिताचे.

दुरुस्तीची रीत अशी. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, आणि तेव्हाच, झाकण उघडावे. गरम झाकण उघडल्यास दाब एकाएकी सुटतो आणि उकळता द्रव तोंडावर-हातावर उसळतो. अशा भाजण्याच्या जखमा गंभीर असतात. द्रव खालून स्वच्छ पात्रात काढून घ्यावा. नळी चिकटून बसली असेल तर पेचकसाने उचकू नये, कारण ज्या तोंडावर ती बसते ते ॲल्युमिनियमचे किंवा प्लास्टिकचे असते आणि तुटते. ब्लेडने नळीवर उभा छेद देऊन ती सोलून काढावी. तोंडावरचा खार बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने स्वच्छ करावा. नवी नळी त्याच मॉडेलची, त्याच वळणाची असावी. सरळ नळी वाकवून बसविल्यास ती मध्येच दुमडते आणि प्रवाह अडतो. तोंडावर एक उंच कडा असते. क्लिप त्या कडेच्या मागे बसली पाहिजे, कडेवर नव्हे. वरची नळी आतून चिरली असेल तर त्याच वयाची खालची नळीही तपासावी, आणि झाकणाचे रबर व स्प्रिंगही.

भरावयाच्या द्रवाबद्दल एक गैरसमज जैन घरांत सहज होऊ शकतो. घरात उकळलेले पाणी नेहमीच असते, तेव्हा ते गाडीत चालेल, असे वाटते. पाणी उकळल्याने जडपणाचा एक भाग भांड्याच्या तळाशी पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपाने बसतो, हे खरे. परंतु बाकीचे क्षार पाण्यातच राहतात. बोअरच्या जड पाण्याने इंजिनाच्या आत तोच पापुद्रा धरतो आणि बारीक वाटा बुजतात. गाडीसाठी वाफेपासून तयार केलेले ऊर्ध्वपातित पाणी, जे बॅटरीचे पाणी म्हणून मिळते, तेच वापरावे. किंवा तयार मिश्रण घ्यावे. रंग जुळला म्हणून दोन जातींचे कूलंट एकत्र करू नये. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेली जात पाहावी. नुसत्या पाण्यात गंजास अडविणारी द्रव्ये नसतात, हे रविवारच्या पेल्याचे दुसरे नुकसान.

द्रव भरल्यावर आत अडकलेली हवा काढावी लागते. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवावे, पंखा एक-दोनदा सुरू होऊन बंद होऊ द्यावा, नंतर इंजिन थंड करून पातळी पुन्हा पाहावी. दुसऱ्या सकाळी आणि पहिल्या लांब फेरीनंतर पुन्हा पाहावी. पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू शकतो, म्हणून पदर, उपरणे आणि बोटे त्यापासून दूर ठेवावीत.

वाटेतच नळी फुटली तर काय करावे, हेही घरातील प्रत्येक चालकास ठाऊक असावे. तापमानाचा काटा वर चढू लागताच वातानुकूलन बंद करावे, हीटर पूर्ण उघडावा, वेग उतरवून गाडी कडेस घ्यावी आणि इंजिन बंद करावे. काट्यावरच विसंबू नये. द्रव पूर्ण निघून गेला तर तापमान मोजणारे यंत्र कोरडे पडते आणि काटा खोटे सांगतो. वातानुकूलन एकाएकी बंद पडणे, हीटरमधून अचानक थंड हवा येणे, गोडसर वास येणे, ही त्या वेळची खरी साक्ष. प्रवाशांस महामार्गाच्या कठड्यापलीकडे, शक्य तर सावलीत बसवावे. तासभर तरी झाकणास हात लावू नये आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, त्याने धातूस तडा जाऊ शकतो. चीर टोकाशी असेल आणि नळी पुरेशी लांब असेल, तर तेवढा भाग कापून नळी पुन्हा बसविता येते. मध्ये असेल तर स्वतःला चिकटणारी सिलिकॉनची पट्टी ताणून गुंडाळावी. अशा वेळी पिण्याचे पाणी भरून, सावकाश, जवळच्या मिस्त्रींपर्यंतच जावे. तो उपाय मुक्कामापर्यंत नेणारा नव्हे. तापलेले इंजिन तसेच दामटले तर सिलिंडर हेड वाकते, आणि काही शेकड्यांच्या नळीचा खर्च अनेक हजारांवर जातो. त्याहून मोठी किंमत म्हणजे ४५ अंशांच्या उन्हात, सावली नसलेल्या रस्त्यावर, घरातील वृद्धांस आणि बालकांस तिष्ठत ठेवणे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या वृद्धांस तर त्या दिवशी उपासच घडायचा.

काढलेल्या जुन्या द्रवाची वाट लावणे हेही दुरुस्तीचेच अंग आहे. तो नालीत, उकिरड्यावर किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर 'विष' अशी चिठ्ठी लावून, मुलांच्या आणि जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवावा आणि टाकाऊ द्रव गोळा करण्याची सोय असलेल्या कार्यशाळेत द्यावा. ज्या भुशाने डाग टिपला तो भुसाही त्याच्याबरोबरच द्यावा.

सेलूच्या त्या घरी वैशाखातील यात्रा ठरल्या दिवशी झाली. पहाटे निघून कुटुंब उन्हे चढण्याआधी कारंजास पोहोचले आणि दिवस मावळण्यापूर्वी परतले. दुसऱ्या सकाळी वडील काठी टेकत मोटारीपाशी गेले. मुलाने बॉनेट उघडले. द्रव खुणेवरच होता. वडिलांनी वहीत तारीख घातली, किलोमीटर लिहिले आणि पातळीच्या रकान्यात 'मेळ बसला' एवढेच शब्द लिहून वही मिटली. दाराशी कुत्रे आपल्या भांड्यातील पाणी पीत होते.